‘काय काम करता?’ : एका लघुप्रबंधाची हकीकत

(नागपूर येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

संयोजकांनी मला ‘संशोधन पद्धती’ हा विषय दिला होता. तो मी त्यांच्या परवानगीने थोडा वळवून घेतला आहे. नमुना कसा निवडायचा, सारणीकरण कसं करायचं हे पुस्तकांत आहे, आणि इथल्या बऱ्याच जणींनी ते एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. करताना वाचलेलंही आहे. पण काल रात्री ओळखी करून घेताना एकच वाक्य मी पाच-सहा जणींकडून ऐकलं. “सगळे पेपर निघाले ताई, फक्त प्रबंध राहिला.” कुणाचा दोन वर्षांपासून राहिलाय, कुणाचा मुलगी झाली तेव्हापासून. तर आज मी या ‘फक्त’बद्दल बोलणार आहे.

पेपर निघतात आणि प्रबंधच का राहतो? परीक्षा ही गोष्ट आपल्या घरांना समजते. वेळापत्रक भिंतीवर लागतं. सासूबाईसुद्धा म्हणतात, “तिची परीक्षा आहे, पंधरा दिवस तिला काही सांगू नका.” पंधरा दिवस झाले की घर पूर्ववत सुरू. प्रबंधाला असं वेळापत्रक नाही. बाई वही उघडी ठेवून खिडकीबाहेर बघत बसली आहे म्हणजे ती तिसऱ्या प्रकरणाचा विचार करते आहे, हे कुणाला कसं दिसणार? ती रिकामी दिसते, आणि रिकाम्या दिसणाऱ्या बाईच्या हातात लगेच काहीतरी दिलं जातं. आमच्याकडे “अजून लिहून झालं नाही का?” असं विचारणारी माणसं काही वाईट नव्हती. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मी शेवटी एक केलं. रोज सकाळी डबा भरून ग्रंथालयात जायला लागले. तिथे कधी चार पानं होत, कधी एकही नाही. पण डबा घेऊन बाहेर पडलेली बाई कामाला चालली आहे, हे सगळ्यांना पटतं. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

दुसरं कारण आपलं कार्यकर्त्यांचं आहे. वस्तीत एखादीला मारहाण झालेली असताना मी तळटीपा लिहीत बसू का, असं आपल्याला वाटतं. प्रबंध स्वार्थी वाटतो. हे मला मान्य नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचं काम असो, समुपदेशन केंद्र असो, अशा बऱ्याच जागांच्या जाहिरातीत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात. आपल्यातली जी वीस वर्षं पोलीस स्टेशनच्या पायऱ्या झिजवते आहे तिचा अर्ज ‘पदवी अपूर्ण’ म्हणून बाजूला पडतो, आणि त्या खुर्चीवर बसणारी व्यक्ती मार खाऊन आलेल्या बाईला “जमवून घ्या” सांगते. तेव्हा हा प्रश्न एकटीच्या करिअरचा नाही.

अर्धवट राहिलेल्या प्रबंधाची लाज वाटते, म्हणूनही तो पुढे सरकत नाही. दीक्षाभूमीच्या गावात राहून आपण बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी पाठ म्हणतो, पण त्यातला एक प्रबंध कसा रखडला होता ते मुलींना सांगत नाही. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. पुस्तकं वेगळ्या जहाजाने पाठवली होती. महायुद्धाचे दिवस, ते जहाज पाणतीराने बुडालं. पुन्हा लंडनला जायला १९२० उजाडलं. मग १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला, तर परीक्षकांनी तो फिरवून लिहायला परत पाठवला. तोवर पैसे संपत आलेले, म्हणून मुंबईला परत येऊन त्यांनी तो दुरुस्त केला, निष्कर्षांना धक्का न लावता, आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. म्हणजे सहा वर्षं, आणि मध्ये एक बुडालेलं जहाज. तुमचा तर दोनच वर्षं राहिलाय.

आता माझा विषय. नागपुरात घरकाम करणाऱ्या बायका, म्हणजे धुणीभांडी, झाडूपोछा, स्वयंपाक करणाऱ्या. धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स या भागांतल्या बंगल्यांना आणि फ्लॅटांना लागून ज्या वस्त्या आहेत त्यांतल्या दोन मी घेतल्या. वस्त्यांची नावं आज सांगणार नाही, कारण ती सांगणार नाही असं तिथल्या बायकांना कबूल केलेलं आहे. प्रबंधातही ‘वस्ती अ’ आणि ‘वस्ती ब’ एवढंच आहे. यातल्या काही जणींच्या घरी पूर्वी गिरणीचा पगार येत होता. एम्प्रेस मिल १८७७ ची, टाटांची. १९८६ मध्ये ती अवसायनात गेली, मग सरकारी महामंडळाने चालवली आणि २००२ मध्ये पुरती बंद झाली. गिरणी बंद पडल्यावर पुरुष कुठे गेले याची चर्चा बरीच झाली. त्यांच्या बायका कुणाच्या स्वयंपाकघरात गेल्या, ते मला बघायचं होतं.

आमच्या वर्गात मुलाखत अनुसूचीचा एक ठरलेला नमुना एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे चालत आलेला होता. वय, जात, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न. पूर्वचाचणीसाठी तो घेऊन मी सात-आठ घरी गेले. ‘व्यवसाय’ या रकान्यावर प्रत्येक ठिकाणी गाडी अडली. “काय काम करता?” असं विचारलं की उत्तर यायचं, “काई नाई जी, घरीच रायते.” आणि हे सांगणारी बाई नुकतीच चार घरची भांडी घासून आलेली, हात अजून ओले! शेजारीण लगेच म्हणायची, “घरी कुठं रायते व तू?” मग दोघी हसायच्या. पण रकान्यात मी ‘गृहिणी’ लिहून पुढे गेले असते तर माझ्या संशोधनातून ती कामगार म्हणून गायबच झाली असती. पूर्वचाचणी असते ती हे पकडण्यासाठीच. मी तो प्रश्न काढला आणि विचारायला लागले, “काल पहाटे उठल्यापासून रात्री आडव्या होईपर्यंत काय काय केलं ते सांगा.” मग पाणी भरण्यापासून सुरुवात व्हायची आणि वही पुरायची नाही.

हा प्रश्न माझ्या दोन वस्त्यांपुरता नाही. १९९१ च्या जनगणनेत ‘गेल्या वर्षी काम केलं का’ या प्रश्नापुढे कंसात काही शब्द घातले गेले: शेतावर किंवा घरच्या धंद्यात केलेलं बिनपगारी काम धरून. ते शब्द आपोआप आले नाहीत, बायकांच्या कामाची मोजदाद होत नाही हे अभ्यासकांनी आणि स्त्री-चळवळीने लावून धरलं म्हणून आले. स्वतःच्या घरातली रांधणं-वाढणं मात्र तेव्हाही कामात धरली नाहीत. पुढे केंद्र सरकारने वेळ-वापर पाहणी केली. २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ८८ मिनिटं, असं निघालं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे दोघांचाही वेळ थोडा घटला आहे, पुरुषांनी काही वाटा उचललेला नाही. ही पाहणीही ‘काल काय काय केलं’ असंच विचारते. त्यामुळे अनुसूची म्हणजे तांत्रिक बाब, ती सरांनी दिली तशी वापरायची, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बाई मोजली जाणार की नाही ते तिथेच ठरतं.

मुलाखतींची वेळ हा एक मोठाच प्रश्न होता. या बायका सकाळी सहाला निघतात, दुपारी एक-दीडला परततात आणि साडेचारला पुन्हा भांड्यांना जातात. मधले दोन-तीन तास त्यांच्या पाठ टेकायचे. नागपूरचा एप्रिल-मे, वरती पत्रे, आणि त्या वेळी मी वही घेऊन दारात! तेव्हा मी नियम केला की एका बैठकीत पाऊण तासाच्या वर बसायचं नाही, लागलं तर दोनदा जायचं, आणि जाऊन नुसतं बसायचं नाही. मी गहू निवडले, लसूण सोलला, एकीच्या नातवाला झोपवलं. यामुळे माहिती जास्त मिळते असं पुस्तकात लिहितात. मिळते, पण मी ते त्यासाठी केलं नाही. तिची विश्रांती मी घेत होते, त्याच्या बदल्यात काहीतरी द्यायला हवं होतं.

आणि एक प्रश्न त्या सगळ्या मला विचारायच्या. “यानं आमचं कार्ड बनते का?” महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. तो मिळवायला मोलकरणींच्या संघटना वर्षानुवर्षं लढल्या. आपल्या नागपुरात तर विद्यापीठात संस्कृत शिकवणाऱ्या डॉ. रूपा कुलकर्णींनी विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली आणि हिवाळी अधिवेशनावर या बायकांचे मोर्चे निघाले. तरी वस्तीत नोंदणी म्हणजे काय हेच बऱ्याच जणींना नीट माहीत नव्हतं. “माझ्या प्रबंधानं कार्ड बनणार नाही,” असं मी आधी स्पष्ट सांगायचे. तरीही उत्तरं देणार का, असं विचारायचे. दोघी-तिघींनी नाही म्हटलं. तो त्यांचा हक्क होता. नकार दिलेल्यांचीही नोंद प्रबंधात आहे.

आता मार्गदर्शकांबद्दल. इथे सगळ्या सावरून बसल्या, बघा!

मला लाभलेले मार्गदर्शक अभ्यासू होते, वेळेवर भेटायचे. पण काम करताना घरमालकाकडून होणारा त्रास, चोरीचा आळ, अंगचटीला येणं, याबद्दल बायका जे बोलल्या त्यावर मी स्वतंत्र प्रकरण लिहिलं, तेव्हा ते म्हणाले की हे तुमच्या उद्दिष्टांत बसत नाही, काढून टाका. माझ्या मते त्यांना संस्थेत कुणी बोलेल याची काळजी जास्त होती. ज्यांच्या घरांबद्दल बायका सांगत होत्या ती घरं आमच्याच ओळखीपाळखीची असणार. मी वाद घातला नाही. मूळ आराखडा काढला, उद्दिष्टांत ‘कामाच्या ठिकाणची परिस्थिती व सुरक्षितता’ असं एक कलम वाढवून सुधारित आराखडा लेखी सादर केला आणि पोचपावती घेतली. उद्दिष्टात आल्यावर ते प्रकरण काढायला कारण उरलं नाही. सरांनी सही केली. पुढे मौखिकीत बाहेरच्या परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले.

मार्गदर्शकांशी मतभेद होणं हे पाप नाही. बाबासाहेबांचे लंडनचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ला प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात, लेखकाचे बरेच मुद्दे मला पटत नाहीत, असं उघड छापलं. पटत नसलं तरी पाठ राखली. दुसरं उदाहरण इरावतीबाई कर्व्यांचं. मुंबईत घुर्यांच्या हाताखाली एम.ए.चा प्रबंध करून १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. तिथले प्राध्यापक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. पुढे नाझी राजवटीला त्यांच्या मतांचा आधार मिळाला. त्यांनी इरावतीबाईंना विषय दिला मानवी कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा, आणि अपेक्षा अशी की गोऱ्यांच्या कवट्या इतरांहून वेगळ्या निघाव्यात. या पंचविशीच्याही आतल्या मुलीने कवट्या मोजल्या आणि वंशावरून तसा फरक निघत नाही असं लिहून दिलं. परका देश, परकी भाषा, आणि सही त्याच माणसाच्या हातात. इरावतीबाईंची ‘युगान्त’ आपण सगळ्यांनी वाचली आहे, पण मला त्यांच्या त्या कवट्यांचं कौतुक जास्त वाटतं.

सही हातात असण्याचा दुसरा अर्थही आहे आणि तो आज बोललाच पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका मुलीला तिचे मार्गदर्शक ‘प्रकरण तपासायला’ सुट्टीच्या दिवशी घरी बोलवायचे, बायको माहेरी गेलेली असताना. ती गेली नाही. तिचं प्रकरण चार महिने तपासलं गेलं नाही. तिने प्रबंध सोडला आणि घरी सांगितलं की मला जमत नाही. ती ‘जमत नाही’ म्हणाली, हे माझ्या डोक्यातून जात नाही. संस्थेच्या नोंदीतही तेच राहिलं असणार. मैत्रिणींनो, १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्यानंतर प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असली पाहिजे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार विद्यार्थिनीसुद्धा तिच्याकडे तक्रार करू शकते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. कारण सबळ असेल तर समिती मुदत वाढवून देऊ शकते. तक्रार करायची नसेल, आणि प्रत्येकीला ते शक्य असतंच असं नाही, तरी मार्गदर्शक बदलून मागता येतो. त्यासाठी आधीपासून एक साधी वही ठेवा. कोणत्या तारखेला भेटलात, कोणतं प्रकरण दिलं, काय सांगितलं. वहीवर सही घेता आली तर उत्तम. वाईट मार्गदर्शकापुढे ही वही तुमचा पुरावा आहे आणि चांगल्यापुढे तुमची आठवण.

भाषेबद्दल थोडं. मी मराठीत लिहिलं. माहिती देणाऱ्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘उत्तरदाता’ म्हणतात. माझ्या अभ्यासात एकही पुरुष नव्हता, तरी टंकलेखकाने सगळीकडे ‘उत्तरदाते’ केलं होतं. त्याला वाटलं माझं शुद्धलेखन चुकलंय. ‘उत्तरदात्या’ पुन्हा टाइप करून घ्यायला वेगळे पैसे पडले, ते मी आनंदाने दिले. बायकांची बोली मी जशीच्या तशी ठेवली. “घरीच रायते”चं “मी गृहिणी आहे” केलं असतं तर सगळा मुद्दाच गेला असता.

तयार प्रबंध विकत मिळतात हे तुम्हाला माहीत आहे. नाव आणि गाव बदलून जुनाच प्रबंध नव्या पुठ्ठ्यात घालून देणारे लोक आहेत, आणि आता तर संगणकच पानंच्या पानं लिहून देतो. २०१८ पासून आयोगाचे नियम कडक झाले आहेत. दहा टक्क्यांहून जास्त मजकूर दुसऱ्याशी जुळला तर कारवाई सुरू होते, साठच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. पण माझा आक्षेप नियमाचा नाही. ज्या बाईने दुपारची झोप मोडून मला उत्तरं दिली तिच्या जागी कुणीतरी घरी बसून मनाने आकडे भरतो, आणि उद्या योजना आखताना तेच आकडे वापरले जाऊ शकतात.

मग बांधणी. काळा रेक्झिन पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, एक प्रत संस्थेला, एक मार्गदर्शकांना, एक आपल्याला. पीएच.डी.चे प्रबंध आता ‘शोधगंगा’वर कुणालाही वाचता येतात, आपले लघुप्रबंध मात्र कपाटात जातात. मी दोन्ही वस्त्यांत एकेक दुपार ठेवली आणि निष्कर्षांचं प्रकरण वाचून दाखवलं. वीसेक जणी आल्या. ‘सुट्टी’च्या परिच्छेदावर एकीने थांबवलं. मी लिहिलं होतं की महिन्याला दोन सुट्ट्या मिळतात. ती म्हणाली, “मिळते नाई जी, आमी मारतो. अन् मग पैसे कापते.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. प्रबंध तोवर सादर झाला होता, पण त्या प्रकरणाची जी पातळ पुस्तिका आम्ही नंतर काढली तिच्यात हे तिच्या शब्दांत आहे. नोंदणीच्या अर्जाला मालकिणीचं पत्र जोडायचं, त्याचा मसुदाही आम्ही त्यात छापला. काही जणींनी तो फाडून नेला, भरून आणला. काही मालकिणींनी सही करायला साफ नकार दिला, त्यात माझ्या परिचयाच्या दोघी होत्या.

मार्गदर्शक नसताना, पदवी मिळणार नसतानाही संशोधन होतं, हेही सांगायला हवं. १९४२ च्या २० जुलैला याच नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. त्या पिढीतल्या बायकांना शोधत, त्यांच्याशी बोलत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये काढलं. आज विद्यापीठातले प्रबंध या पुस्तकाचा आधार घेतात. आपल्यातल्या ज्यांना पदवी नको आहे त्यांनी हे पुस्तक आधी वाचावं.

ज्यांना पदवी हवी आहे आणि प्रबंध राहिला आहे त्यांच्यासाठी एवढंच, की पुन्हा नोंदणी करण्याआधी तुमच्या अभ्यासक्रमाची कमाल मुदत किती, जुना आराखडा चालतो की नवा लागतो, हे विद्यापीठाच्या कार्यालयातून लेखी मागून घ्या. खिडकीवरच्या बाबूच्या तोंडी उत्तरावर विसंबून परत फिरू नका. चहानंतर मी मागच्या खोलीत बसते आहे. आराखडा, जमवलेल्या मुलाखती, निम्मं लिहिलेलं प्रकरण, जे काही पिशवीत असेल ते घेऊन या. काल रात्री ‘फक्त प्रबंध राहिला’ म्हणालेल्या सगळ्यांचे चेहरे माझ्या लक्षात आहेत.